राजीखुशीचा कागद आणि केवटाचा नकार

वाराणसीच्या पलतीरावर, काशीनरेशांच्या किल्ल्याच्या आश्रयाने वाढलेल्या रामनगरात दर वर्षी भाद्रपद-आश्विनात एकतीस दिवस रामलीला चालते. तेथे विजेचे दिवे नसतात, ध्वनिवर्धक नसतो. मशाली आणि पेट्रोमॅक्सच्या उजेडात रामायणी तुलसीदासांचे 'रामचरितमानस' गातात आणि त्यांच्या गायनाच्या मधल्या अवकाशात पात्रांचे संवाद होतात. प्रेक्षक नगरभर विखुरलेल्या अयोध्या, जनकपूर, पंचवटी, लंका या स्थळांमधून पात्रांबरोबर चालत राहतात. या लीलेवर देशीविदेशी अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. मात्र वनवासाच्या आरंभी येणाऱ्या एका छोट्या प्रसंगाकडे साहित्यविचाराच्या अंगाने जितके लक्ष जायला हवे होते तितके गेलेले नाही. तो प्रसंग केवटाचा.

राम गंगातीरी येऊन नाव मागतो. केवट ती आणत नाही. या पायांच्या धुळीने शिळेची स्त्री झाली. लाकूड काही दगडाहून कठीण नव्हे. नावेचीही स्त्री झाली तर कुटुंब पोसायचे कसे, असा त्याचा प्रश्न आहे. म्हणून आधी पाय धुऊ द्यावेत, मगच नाव मिळेल. लक्ष्मणाने बाण मारला तरी चालेल, पण पाय धुतल्यावाचून पार नेणार नाही, असे तो स्पष्ट सांगतो. राम हसतो आणि ही अट मान्य करतो. पाय धुतले जातात, पैलतीर येतो, सीता उतराई म्हणून अंगठी पुढे करते, ती केवट घेत नाही. परतताना जे द्याल ते घेईन म्हणतो. तुलसीदासांच्या काव्यात हे सारे प्रेमाच्या विनोदाने भारलेले आहे, आणि केवटाला पाय धुण्याचीच आस आहे हे लहान मूलही ओळखते. परंतु रचना म्हणून पाहिले तर येथे जे घडते ते लक्षणीय आहे. ज्याला शरण जायचे आहे तोच अटी सांगतो. ज्याच्याकडे सत्ता आहे तो थांबतो, ऐकतो आणि तोंडाने होकार देतो. धमकीची शक्यता उच्चारली जाते आणि तिच्यासह नकार टिकतो. समर्पण येथे वाटाघाटीतून येते आणि त्याचे समर्पणपण त्यामुळे उणे होत नाही.

केवटाची ही नम्रता अखेर वर्णव्यवस्थेचेच पाय धुते, असा आक्षेप घेतला जाईल आणि तो घेतला जावा. रामनगरात राम-सीतेची 'स्वरूपे' होणारी मुले ब्राह्मण असावी लागतात, ही वस्तुस्थिती त्या आक्षेपाला बळच देते. रामनगरात समता नांदते असे येथे मुळीच सुचवायचे नाही. प्रभुत्व आणि समर्पण यांची कथा रचताना नकाराला जागा ठेवता येते, आणि ती ठेवूनही कथा सत्तेची व शरणागतीचीच राहते, एवढेच या प्रसंगावरून दिसते. या लीलेला चौकट आहे, मुदतही आहे. मस्तकावर मुकुट असेतो ती मुले देव. अखेरीस कोटविदाईच्या वेळी राजा त्यांना किल्ल्यात बोलावून त्यांचे पाय धुतो, भोजन घालतो आणि निरोप देतो. बनारस संस्थान १९४९ मध्ये विलीन झाले, राजाची राजकीय सत्ता संपली, तरी हा विधी चालू राहिला. वाकणाऱ्यालाही, आणि ज्याच्यापुढे वाकायचे त्यालाही, हे केव्हा सुरू होते आणि केव्हा थांबते हे ठाऊक आहे.

ही प्रस्तावना करण्याचे कारण मराठीतले आहे. एकाने सत्ता गाजवायची आणि दुसऱ्याने ती सोसायची किंवा स्वीकारायची, अशा स्त्रीपुरुषसंबंधांचे चित्रण आले की मराठी समीक्षेला दोनच भाषा सुचतात. पहिली भाषा अश्लीलतेची: असे विषय रंगभूमीवर आणि कादंबरीत येऊच नयेत. ती आता जुनी झाली आहे आणि तिच्याशी भांडण्यात फारसे हशील नाही. दुसरी भाषा मात्र पुरोगामी म्हणून मिरवते आणि म्हणूनच अधिक घातक आहे. अटी आधी सांगितल्या होत्या, त्या मान्य केल्या गेल्या होत्या, तेव्हा प्रश्न मिटला, असे ती म्हणते. मराठी दस्तऐवजांत एक ठरीव वाक्प्रयोग असतो: राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून दिले. ज्याने जमीन गहाण टाकली त्याच्याही कागदावर तो असतो. आपली समीक्षा या राजीखुशीच्या कागदावर डोळे मिटून शिक्का मारीत आली आहे.

विजय तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' हे याचे ठळक उदाहरण. मार्च १९७२ मध्ये कमलाकर सारंग यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगभूमीवर आले. निळू फुले सखाराम आणि लालन सारंग चंपा होत्या. परीक्षण मंडळाशी झालेला संघर्ष आणि मुंबई उच्च न्यायालयातील लढा हा इतिहास सारंगांनी 'बाइंडरचे दिवस'मध्ये नोंदवला आहे. त्या लढ्यात नाटकाच्या बाजूने उभे राहणे आवश्यकच होते. परंतु लढ्याच्या धामधुमीत नाटकाचा बचाव आणि सखारामाचा बचाव यांतील सीमारेषा पुसली गेली, आणि पुढे वर्गावर्गांतून जे शिकवले गेले ते बरेचसे वकिली युक्तिवादच होते.

सखाराम नवऱ्यांनी टाकलेल्या बायका घरी आणतो. लक्ष्मी ही सातवी. ती उंबऱ्याच्या आत येताच तो आपले नियम सांगतो: घराचे काम, बोलण्याचालण्याची बंधने, त्याचा शब्द अखेरचा, आणि बायकोने करायचे ते सारे. पटले नाही तर जाता येईल; जाताना साडी, काही पैसे आणि हव्या त्या गावाचे तिकीट मिळेल. सखाराम ढोंगी नाही, तो लग्नाच्या नावाखाली फसवत नाही, जे आहे ते उघड सांगतो, अशी त्याची तरफदारी गेली पन्नास वर्षे ऐकू येते. हा युक्तिवाद वरवर पाहता सयुक्तिक वाटतो. परंतु त्यातून फक्त लग्न वाईट असते एवढेच सिद्ध होते. सखारामाचा करार चांगला होता हे त्यातून कसे निघावे?

त्या प्रवेशात अटी एकच माणूस सांगतो. ऐकणारीला दुरुस्ती सुचवण्याची मुभा नाही, तशी कल्पनाही तिला शिवत नाही. नवऱ्याने टाकलेल्या, जाण्यास ठिकाण नसलेल्या बाईपुढे छप्पर आणि अटी एकत्र ठेवल्या की ती छपरासाठी अटी घेते. या देशाच्या करार कायद्याने हे १८७२ मध्येच ओळखले होते. त्याच्या सोळाव्या कलमातील 'अनुचित प्रभाव' म्हणजे, एक पक्ष दुसऱ्याच्या इच्छेवर हुकमत चालवू शकेल अशा स्थितीत असणे आणि त्या स्थितीचा गैरवाजवी फायद्यासाठी वापर करणे. सखाराम रंगमंचावर अवतरला तेव्हा त्या कायद्याला शंभर वर्षे होत होती. साहित्याच्या समीक्षेने कायद्याहून अधिक सूक्ष्म असावे अशी अपेक्षा असते. येथे ती कायद्याच्याही मागे राहिली.

तेंडुलकर स्वतः मात्र मागे राहिलेले नाहीत. गणपतीच्या आरतीला दाऊदने उभे राहण्यास लक्ष्मी विरोध करते तेव्हा सखाराम तिला मारतो. तिच्या विरोधात धार्मिक संकुचितपणा आहेच, पण या घरात तिने प्रथमच काही नाकारले आहे, आणि त्या नकाराला उत्तर मिळते ते पट्ट्याचे. अटींच्या यादीत तिच्या नकाराची नोंदच नव्हती. पुढे चंपा येते. फौजदाराच्या घरातला छळ सोसून ती बाहेर पडलेली आहे, आणि सखारामाचे नियम ती ऐकून घेत नाही, उलट स्वतःचे सांगू लागते. शय्येला ती नकार देते. सखाराम, ज्याचा सारा डौल 'पटत नसेल तर जा' या वाक्यावर उभा आहे, तो घराबाहेर काढण्याची भाषा करतो. चंपा दारू मागते. शुद्धीत असताना जे तिला सोसवत नाही ते ती नशेत होऊ देते, आणि हाच पुढे नित्यक्रम होतो. मराठी रंगभूमीवर संमतीविषयी याहून स्पष्ट विधान झालेले नाही. तरीही चंपाच्या दारूची चर्चा झाली ती धीटपणाच्या आणि बोल्डपणाच्या अंगाने. तिने प्यालेला पेला ही तिच्या नकाराची एकमेव उरलेली रीत होती, हे सांगायला समीक्षेला वेळ मिळाला नाही.

याच मार्च १९७२ मध्ये, २६ तारखेच्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांकडून अत्याचार झाल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भीतीपोटी निमूटपणे झुकणे आणि संमती देणे यांत भेद करून त्यांना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये तो निर्णय फिरवला. मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या, या गोष्टीला त्याने महत्त्व दिले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातील मुद्दा थोडक्यात असा, की संमतीत शरण जाणे असते, पण शरण जाण्यात संमती असतेच असे नाही. त्यातून देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. एकाच महिन्यात, एकाच राज्यात, एक खटला आणि एक नाटक यांनी तोच प्रश्न मांडला. खटल्यातला प्रश्न कायद्याच्या अध्यापकांनी ओळखला. नाटकातला प्रश्न साहित्याच्या अध्यापकांनी, काही सन्माननीय अपवाद वगळता, सखारामाच्या रांगड्या प्रामाणिकपणाखाली झाकून टाकला.

मौज अशी की 'संमती' हा शब्द मराठीच्या सार्वजनिक व्यवहारात रुजला तोच अशा एका वादातून. रखमाबाईंनी न समजत्या वयात झालेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे जाण्यास नकार दिला. १८८७ मध्ये न्यायालयाने नांदायला जा अन्यथा तुरुंगात जा असे फर्मावले तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. १८९१ च्या कायद्याने संमतिवय दहावरून बारावर नेले, आणि लोकमान्य टिळकांसह अनेकांनी त्याला विरोध केला. त्या वादात 'संमतिवय' हा शब्द घरोघर पोचला, पण अर्थ वयाला चिकटून राहिला. ठरावीक वय उलटले की संमती गृहीत धरावी, ही समजूत त्यातूनच पक्की झाली असावी. पतीला 'धनी', 'मालक', 'यजमान' म्हणणाऱ्या भाषेला ती जड गेली नाही. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेनेही पत्नी अठरा वर्षांखालची नसेल तर पतीला बलात्काराच्या व्याख्येतून वगळणारा अपवाद कायम ठेवला आहे.

आता दुसऱ्या बाजूचा विचार. प्रभुत्व आणि समर्पण यांची ओढ ही केवळ अत्याचाराची किंवा विकृतीची बाब आहे, असे मानणेही उथळपणाचे ठरेल. प्रौढ माणसे जाणतेपणी अशी नाती निवडतात आणि त्यांत सुख शोधतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा माणसांनी आपापसांत काही संकेत रूढ केले: आधी मोकळेपणी बोलावे, मर्यादा ठरवाव्यात, आणि उच्चारताच सारे तत्काळ थांबेल असा एक शब्द राखून ठेवावा. हा थांबण्याचा शब्द विशेषतः विचार करण्याजोगा आहे. वरकरणी आज्ञा देणारा सत्ताधीश असतो, पण खेळ थांबवण्याची किल्ली आज्ञा झेलणाऱ्याकडेही असते.

युरोपीय साहित्यात या विषयाचा आदिग्रंथ म्हणजे झाखर-मासोख यांची 'व्हीनस इन फर्स' ही १८७० ची कादंबरी. त्यापूर्वीच्या वर्षी लेखकाने स्वतः फॅनी पिस्टर या स्त्रीशी सहा महिन्यांचा लेखी करार करून तिचे दास्य पत्करले होते. कादंबरीतला सेव्हेरिनही तसाच करार करतो. या दास्याची कल्पना दासाची आहे. स्वामिनीला ती त्याने शिकवली आहे, हे जिल दलझ यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले. तो सुस्थित आहे आणि जाण्यास त्याला जग मोकळे आहे. म्हणून सेव्हेरिनचा कागद आणि सखारामाचे नियम यांना एकाच शीर्षकाखाली 'करार' म्हणून शिकवणे ही शैक्षणिक निष्काळजी आहे. कोणी लिहिला, कोणाला दुसरीकडे जाता येत होते, आणि मधेच मोडता येत होता का, या तीन प्रश्नांवाचून करार हा शब्द निरर्थक असतो.

अलीकडच्या लोकप्रिय कादंबऱ्यांचे वेगळेच. ई. एल. जेम्स यांच्या २०११ च्या 'फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे'मध्ये करारनाम्याच्या एकेका कलमावर पानेच्या पाने घासाघीस चालते, पण नायिका त्यावर सही कधीच करीत नाही. पहिल्या भागाच्या अखेरीस असह्य झाल्यावर ती उठून निघून जाते. वाङ्मय म्हणून हे लेखन सामान्य आहे. तरी त्या न झालेल्या सहीत आणि त्या निघून जाण्यात जे आहे, ते सखारामाच्या समर्थकांना अद्याप दिसलेले नाही हे कबूल केले पाहिजे. पुढच्या भागांत नायकाची हुकमतीची आवड बालपणीच्या जखमेचा परिणाम ठरते आणि लग्नसंसारात ती निवत जाते. म्हणजे लेखिकेचाही आपल्या विषयावर विश्वास नाही.

आपल्याकडे हा विषय परका आहे असे कोणी म्हणू नये. स्वतःला नामयाची दासी म्हणवणाऱ्या जनाबाईच्या घरी विठ्ठल दळू लागतो. दासीपण टिकवूनच ती स्वामीला कामाला लावते. वारकरी संतांनी देवाशी केलेली भांडणे, रुसवे आणि धमक्या हे शरणागतीच्या आतले बोलणे आहे. पु. शि. रेग्यांच्या 'सावित्री'त (१९६२) आत्मसमर्पणाची अत्यंत तरल मांडणी आहे, परंतु तेथे फक्त सावित्रीचीच पत्रे आहेत. समोरच्याचे उत्तर वाचकाला कधीच दिसत नाही. त्या कादंबरीच्या सौंदर्याविषयी भरपूर लिहिले गेले. अर्धी वाटाघाट लपवून ठेवण्याचा परिणाम काय होतो याविषयी तुरळकच.

थांबण्याच्या शब्दाचा विचार मराठीत सर्वांत कठोरपणे झाला तो पुन्हा तेंडुलकरांकडेच, १९६७ च्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'मध्ये. वेळ घालवण्यासाठी खेळ सुरू होतो, त्यात बेणारेला आरोपी ठरवले जाते, आणि आरंभी तीही हसतखेळत त्यात राहते. खेळ तिच्या खऱ्या आयुष्यात शिरतो तेव्हा ती थांबा म्हणते. कोणी थांबत नाही. ती दाराकडे धावते. दाराची कडी बाहेरून लागलेली आहे. मध्यमवर्गीय ढोंगाचे नाटक म्हणून ते शिकवले जाते, तसे ते आहेच. पण खेळाला दिलेला होकार खेळ पालटल्यावर संपतो, आणि तो संपल्याचे सांगणारीचा शब्द चालला पाहिजे, हे त्या कडीइतके स्वच्छ कोणत्याही ग्रंथात सांगितलेले नाही. बेणारे खेळात आली कशाला, असे म्हणणारा वाचक त्या मंडळींच्या रांगेतच जाऊन बसतो.

तेव्हा 'सखाराम बाइंडर' पुन्हा वाचताना पहिल्या प्रवेशावरचा भर काढून तो उत्तरार्धातल्या एका बोलण्यावर द्यावा लागेल. पुतण्याकडून हाकलली गेलेली लक्ष्मी परत येते. सखाराम तिला मारून बाहेर काढू पाहतो. करार संपला, देणे दिले, आता तिचा हक्क नाही. चंपा तिला ठेवून घेते. घरकाम लक्ष्मीने पाहावे, सखारामाला चंपाने सांभाळावे, अशी वाटणी होते. ती उदात्त नाही. चंपाला आपले ओझे हलके करायचे आहे आणि लक्ष्मीला कोपरा हवा आहे. पण त्या घरात दोन माणसांनी एकमेकांची गरज विचारून काही ठरवले असेल तर ते येथेच, आणि तेही मालकाला बाजूला ठेवून. ही व्यवस्था टिकत नाही. लक्ष्मी आपल्या देवाधर्माच्या मापाने चंपाला मोजू लागते, दाऊदचे प्रकरण सखारामाच्या कानी घालते, आणि तो चंपाचा गळा दाबतो. त्यानंतर सखाराम हातपाय गळून बसलेला असतो, आणि प्रेत पुरण्याची घाई लक्ष्मी करते.